हाताने न्यायची राहिलेली लायब्ररी

मित्रांनो, मी एक जुना बोर्ड आहे, पण शाळेतल्या फळ्याशी माझी काही सोयरीक नाही. मी तळहाताएवढा, हिरवा, पाठभर कथलाच्या डागाचे टाके असलेला. माझ्या मधोमध एक काळी चौकोनी टिकली दिसते, तो माझा प्रोसेसर. ज्या कारखान्यात मी वाढलो तिथे इस्पितळांसाठी कपडे पिळायची मोठी यंत्रे बनत. त्या प्रत्येक यंत्राच्या पोटात माझा एकेक भाऊ बसवलेला असे. मी मात्र कोणत्याच यंत्रात गेलो नाही. मला चार स्क्रूंनी एका लाकडी फळीवर आवळून, यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंच्या टेबलावर ठेवले होते. नवे काही करायचे झाले की ते आधी माझ्यावर करून पाहायचे. मरायचे तर मी मरावे, म्हणजे भाऊ वाचतील, यासाठी टेस्ट-बोर्ड असतो.

मी बरेच सोसले. ताईंनी मला हेअर ड्रायरने तापवले, बर्फाच्या डब्यात गारठवले, चालू असताना माझी वीज तोडली. एकदा तर माझ्यातून धूर निघाला. तेव्हा त्या घाबरून मला फुंकर घालत बसल्या होत्या. "नको रे बाबा, तू नको जाऊस," असे पुटपुटत त्यांनी माझा जळका भाग काढून नवा डागला. इतक्या मायेने माझ्याशी पुन्हा कोणी बोलले नाही.

कारखाना दादांचा होता. ताई त्यांची धाकटी बहीण. सगळा कारखाना त्यांना ताई म्हणे, दादा मात्र त्यांना "छोटी" म्हणत. ताईंचे केस पांढरे व्हायला लागले तरी त्या छोटीच राहिल्या. दादा वाईट नव्हते. कामगार आजारी पडला तर त्याच्या घरी जाऊन बसत. पण वडिलांचे नाव कारखान्याच्या दारावर होते, आणि त्या नावावर एक शिंतोडाही पडलेला त्यांना चालत नसे.

आता मला तुम्हाला थोडे यंत्रांतले सांगावे लागेल. कंटाळू नका, कारण पुढे जे झाले ते यातूनच झाले.

ताईंच्या टेबलाखाली एक मोठा संगणक होता. त्याची भाषा मला कळत नसे आणि माझी त्याला. म्हणून ताईंनी त्या संगणकावर एक क्रॉस-कंपायलर बांधला होता. हा स्वतः एका जातीच्या यंत्रावर राहतो आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम घडवतो. तो बांधला की त्याच्यासोबत काही रनटाइम लायब्रऱ्याही तयार होतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. लायब्ररी म्हणजे आयत्या करून ठेवलेल्या कामांचे गाठोडे. माझ्या प्रोसेसरला मोठ्या आकड्यांचा भागाकार येत नाही. हसा खुशाल, पण तुमच्यातही कोणाकोणाला येत नसेल. तो भागाकार मला लायब्ररी करून देते. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत ती हाताशी लागते, म्हणून ती रनटाइम लायब्ररी.

संगणकावर दोन जागा होत्या. एक होती कंपायलरचे स्वतःचे घर. दुसरी होती आमच्या पोटाची हुबेहूब नक्कल. तिला सिसरूट म्हणत. यंत्रांत घालायची कार्डे, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या नखाएवढ्या चकत्या, या सिसरूटवरून भरली जात. पण नवा कंपायलर बांधला की नव्या लायब्रऱ्या कंपायलरच्या घरात जाऊन बसत. सिसरूटमध्ये त्या आपण होऊन जात नसत. तिथे जुनी लायब्ररी ठाण मांडून असे. नवी तिथे हाताने न्यावी लागे. ही गोष्ट सगळ्या कारखान्यात एकट्या ताईंना ठाऊक होती. "एकदा सवडीने हे आपोआप होईल असं करून टाकते," असे त्या तीन वर्षे म्हणत होत्या. पण सवड त्यांना कधी मिळालीच नाही. एक काम संपत आले की दादा दुसरे आणून समोर ठेवत.

एके दिवशी ताईंना आमच्यातला एक दोष सापडला.

पिळायच्या यंत्रात आत एक मोठा ड्रम गरगर फिरतो. तो थांबल्याशिवाय झाकणाचे कुलूप उघडता कामा नये. ड्रमचा वेग काढायला आम्ही भागाकार करतो, वेग शून्य आला की कुलूप सोडतो. पण यंत्र बंद न करता नऊ दिवसांहून जास्त चालले की वेळेचा आकडा फार मोठा होई. त्या आकड्याचा भागाकार जुनी लायब्ररी कधीकधी चुकवी आणि उत्तर शून्य देई. ड्रम भन्नाट फिरत असताना मी समजे की तो थांबला.

ताईंनी माझे घड्याळ दहा दिवस पुढे ढकलले आणि मला जोडलेला छोटा ड्रम चालू केला. तो पूर्ण वेगात असताना कुलूप खट्कन उघडले. त्यांनी हातातली लाकडी फूटपट्टी आत घातली. क्षणात तिचे तुकडे खोलीभर उडाले. दारात उभा असलेला फिटर खाली वाकला. यंत्रे इस्पितळांत नेऊन बसवायचे काम त्याचे होते.

"ताई, पट्टीचं मापच काढलंत की!" तो हसत म्हणाला.

ताई हसल्या नाहीत. त्या पट्टीच्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

दादांना त्यांनी सगळे सांगितले. दादांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाले, "आपली आधीची गिऱ्हाइकं रोज संध्याकाळी मशीन बंद करतात. तिथे नऊ दिवस होणारच नाहीत. ती पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. पण ह्या मोठ्या इस्पितळाची वीस मशीनं शुक्रवारी जायचीत, आणि त्यांचा धुलाईखाना कधीच बंद नसतो. त्यात हे राहता कामा नये."

"नाही राहणार," ताई म्हणाल्या.

त्यांनी दोष काढलेला नवा कंपायलर बांधायला घेतला. गुरुवारचा सबंध दिवस त्यात गेला. शुक्रवारी सकाळी नवी लायब्ररी तयार झाली आणि आपल्या नेहमीच्या जागी, कंपायलरच्या घरात जाऊन बसली. ताईंनी तिथून ती उचलली आणि थेट माझ्या कार्डात घातली. आधी माझ्यावर बघायचे, मग सिसरूटमध्ये न्यायची, असा त्यांचा बेत होता. माझे घड्याळ दहा दिवस पुढे गेले, वीस दिवस गेले, शंभर दिवस गेले. ड्रम फिरत होता तोवर कुलूप जागचे हलले नाही. माझा हिरवा दिवा लागला.

तेवढ्यात दादा आले. बाहेर ट्रक उभा होता.

"झालं का, छोटी?"

"झालं. दहा मिनिटं थांब, दादा. सिसरूट एकदा बघते, मग कार्डं भर."

"तुझी दहा मिनिटं मी लहानपणापासून बघतोय. ह्याच्यावर चाललं की नाही?"

"ह्याच्यावर चाललं."

"मग ह्या बोर्डात आणि त्या वीसांत काय वेगळं आहे?"

वेगळे होते, मित्रांनो! एकच गोष्ट वेगळी होती. पण ताई दोन दिवस धड झोपल्या नव्हत्या. लायब्ररी आपल्या हाताने नेल्याचे त्यांना पक्के आठवत होते. कुठे नेली, याचीच डोक्यात सरमिसळ झाली होती. त्यांनी डोळे चोळले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "ने."

मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण मला एकच दिवा आहे. माझे स्वतःचे ठीक चालले असेल तर तो हिरवा लागतो. भावांविषयी त्याला काही सांगता येत नाही.

वीस कार्डे सिसरूटवरून भरली गेली. वीसही कार्डांत जुनी लायब्ररी गेली.

यंत्रे इस्पितळात सुरू झाली, त्यानंतर अकराव्या दिवशी फिटर धावत आत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"धुलाईखान्यातल्या एका बाईंचा हात गेला," तो म्हणाला. "उजवा. कोपरापासून."

त्या बाई बावीस वर्षे तिथे चादरी धूत होत्या. कुलूप नेहमीसारखे खट्कन वाजले, म्हणून त्यांनी झाकण वर केले. आत ड्रम फिरत होता. एका ओल्या चादरीचा पदर बाहेर उसळला, त्यांच्या मनगटाला वेढा पडला, आणि चादरीने त्यांना आत ओढले. शेजारच्या बाईने वीज तोडली, तेव्हा कुठे ड्रम थांबला. वीज गेली तसे त्या यंत्राचे घड्याळही पुसले गेले. पुन्हा चालू केल्यावर यंत्र शहाण्यासारखे वागू लागले.

सरकारी तपासनीस आले. माणूस सरळ होता. त्यांनी अपघाताचे यंत्र पाहिले, कुलपावर एक ओरखडा दिसला तो लिहून घेतला. मग त्यांनी दादांना विचारले, "बाई म्हणतात, कुलूप आपोआप उघडलं. तुम्ही हे तपासता कसं?"

दादांनी मला दाखवले. "हा आमचा टेस्ट-बोर्ड. आतलं सगळं तेच, साहेब. तुम्ही म्हणाल तेवढे दिवस चालवून दाखवतो."

"अकराव्या दिवशी झालं ना? मग बारा दिवस चालवा. मधे कोणी हात लावायचा नाही." तपासनिसांनी माझ्या कार्डावर लाखेचा शिक्का मारला आणि ते गेले.

मित्रांनो, मी बारा दिवस चाललो. मला चुकायचे होते. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटले की आपण बिघडावे, धूर निघावा, निदान दिवा तरी विझावा. पण माझ्या पोटात नवी लायब्ररी होती, आणि ती एकही भागाकार चुकली नाही.

तिसऱ्या दिवशी ताईंनी मोठ्या संगणकावर सिसरूट उघडला. त्यांनी लायब्ररीची तारीख वाचली. मग कंपायलरच्या घरातल्या लायब्ररीची तारीख वाचली. पुन्हा पहिली वाचली. त्या उठल्या आणि दादांना बोलावून घेऊन आल्या.

"जुनी आहे," त्या म्हणाल्या. "वीसच्या वीस मशीनांत जुनी गेली. मी नवी फक्त ह्याच्यात घातली होती."

दादांनी दार लावले.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुला आणि मला."

"मग ते तसंच राहू दे."

"अरे, त्या बाईंचा हात गेलाय, दादा!"

"तो आता परत येणार आहे का?" दादांचा आवाज जराही चढला नाही. "इथे साठ माणसं काम करतात. बाबांचं नाव दारावर आहे. आणि छोटी, मी तुला विचारलं होतं, काय वेगळं आहे म्हणून. 'काही नाही, ने,' कोण म्हणालं? मी माझ्या बहिणीला तुरुंगात धाडू?"

ताई खुर्चीत बसल्या. दादांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. शपथेवर सांगतो, तो हात प्रेमानेच ठेवला होता. म्हणून तर ताईंना तो झटकता आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून फिटर इस्पितळात जाऊ लागला. त्याला सांगितले होते की सर्व्हिसिंग आहे. त्याने वीस यंत्रांत नवी लायब्ररी घेऊन भरलेली कार्डे घातली आणि जुनी परत आणली. दादांनी पक्कड घेऊन ती एकेक करून मोडली. सिसरूटमधली जुनी लायब्ररीही त्यांनी ताईंना पुसायला लावली. आता त्या वीस यंत्रांत जुनी लायब्ररी होती, याचा मागमूसही उरला नव्हता.

बारा दिवस झाले. तपासनिसांनी शिक्का तपासला, माझी नोंद वाचली आणि अहवाल लिहिला. यंत्र निर्दोष आहे. कुलपावरचा ओरखडा पाहता, कामगार बाईंनी वेळ वाचवण्यासाठी ते जोर लावून उघडले असावे. इस्पितळाने बाईंना कामावरून काढून टाकले.

मग एका दुपारी त्या बाई कारखान्यात आल्या. त्यांच्या झंपराची उजवी बाही दुमडून पिनेने टाचली होती. सोबत त्यांची लेक होती, नऊदहा वर्षांची, शाळेच्या गणवेशातली. तिने आईची ती रिकामी बाही मुठीत धरली होती. दुसऱ्या मुली आईचा हात धरतात तशी.

"मी भांडायला नाही आले, ताई," बाई म्हणाल्या. "कामाचंही मागायला नाही आले. हिच्यासाठी आले. वर्गातली पोरं हिला चिडवतात, तुझ्या आईने मशीन फोडलं आणि वर खोटं बोलली. परवा ही मला विचारते, आई, तू खरंच कुलूप तोडलंस का? मी सांगितलं तर हिला पटत नाही. कागदावर तसं लिहिलंय ना! तुम्ही मशीन बनवणाऱ्या. तुमचं ऐकेल ती. तुम्हीच सांगा हिला, कुलूप आपोआप उघडू शकतं की नाही."

दादा दारात येऊन उभे राहिले होते.

ताई त्या मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. मुलगी डोळे मोठे करून वाट बघत होती. मला वाटले, आता सांगतील. बाईंनाही तसेच वाटले असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते.

"बाळा," ताई म्हणाल्या, "आम्ही बारा दिवस तपासलं. कुलूप नाही उघडलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी समोर हिरवा दिवा लावून त्याची साक्ष देत होतो.

मुलीने आईच्या बाहीवरची मूठ सोडली. तिने आईकडे पाहिले नाही, ती एकटीच दाराकडे चालू लागली. बाई क्षणभर तिथेच उभ्या राहिल्या.

"ठीक आहे, ताई," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही घर असेल." आणि त्या लेकीच्या मागे गेल्या.

त्यानंतर ताई टेबलाशी येत, पण काम करत नसत. डबा उघडून तसाच बंद करत. महिनाभर हे चालले. मग एके सकाळी त्या लवकर आल्या आणि त्यांनी माझे स्क्रू सोडवायला घेतले. माझ्या कार्डात दोन तारखा होत्या: लायब्ररी हाताने घातल्याची एक आणि बाकी सगळे सिसरूटवरून भरल्याची एक. त्यावर तपासनिसांचा शिक्का होता. ज्या बोर्डाची चाचणी झाली तो त्या वीस यंत्रांसारखा नव्हता, हे दाखवायला एवढे पुरेसे होते. जगात तेवढा एकच पुरावा उरला होता.

तिसरा स्क्रू निघाला तेव्हा दादा आत आले.

"कुठे चाललीस?"

"तपासनिसांकडे."

"छोटी..."

"मला छोटी म्हणू नकोस. त्या पोरीने माझ्यासमोर हात सोडला, दादा. तू बघितलंस."

दादांनी मान हलवली. त्यांनाही ते दिसले होते. त्यांनी जवळ येऊन माझ्या कार्डाला बोट लावले, ते खाचेतून बाहेर काढले, आणि टेबलावरच्या पकडीत धरून मोडले. मोडताना बारीकसा आवाज झाला. शिक्क्याच्या लाखेचा चुरा माझ्यावर सांडला.

ताईंनी त्यांच्या हातावर झडप घातली, पण तोवर दोन तुकडे झाले होते.

"काय केलंस तू हे?"

"घर वाचवलं," दादा म्हणाले. त्यांनी माझ्यावरचा लाखेचा चुरा फुंकरीने उडवला आणि ते आपल्या खोलीत गेले.

ताई तशाच गेल्या, पुराव्याशिवाय. तिसऱ्या प्रहरी परत आल्या त्या कारखान्याच्या किल्ल्या द्यायला. दादांनी त्यांना बसायला सांगितले, त्या बसल्या नाहीत.

"साहेब म्हणाले, भावाबहिणींचं भांडण घरात मिटवा. पुरावा आणा, लगेच फाइल उघडतो."

"मी काय म्हणत होतो मग?"

"तिथून मी त्या बाईंच्या खोलीवर गेले. म्हटलं, सरकारला नाही तर नाही, त्या पोरीला तरी सांगावं. खोलीत दुसरे लोक राहतात. त्या कुठे गेल्या कोणाला माहीत नाही. शेजारीण म्हणाली, जाताना मुलगी आईशी बोलत नव्हती. सामानाचं गाठोडं आईने एका हाताने उचललं, पोर पुढे चालत राहिली."

दादा म्हणाले, "म्हणजे तो प्रश्नही मिटला."

ताईंनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मला वाटते, त्यांना पाहवले नसेल. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

मला दादांनी पाहुण्यांच्या खोलीत, काचेच्या कपाटात ठेवले आहे. खाली पितळी पट्टी आहे: "सरकारी चाचणीत सलग बारा दिवस निर्दोष चाललेला बोर्ड." तुमच्यासारखी मुले शाळेच्या सहलीला येतात. दादा माझी गोष्ट सांगतात आणि मुले टाळ्या वाजवतात. माझ्यात कार्ड नाही, वीज नाही. तरी ज्या गोष्टीची मला लाज वाटते, तिच्यासाठीच माझे कौतुक होत राहते.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावरची धूळ झटका, असले मागणे मी मागणार नाही. दादांचा शिपाई मला रोज पुसतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले कोणी यंत्रे घडवतील. तेव्हा एक नमुना नीट चालला म्हणून बाकीचे चालतील असे धरून बसू नका. घाईचा ट्रक दारात उभा असला तरी दहा मिनिटे मागून घ्या, आणि जे एका पोटात घातले तेच बाकीच्या पोटांत गेले का, हे आपल्या डोळ्यांनी पाहा. चूक झालीच, तर ती कोणाच्या अंगावर पडली आहे ते आधी बघा. आपल्या दारावर कोणाचे नाव आहे ते मागाहून.

आणि आणखी एक. ती मुलगी आता तुमच्यापेक्षा थोडी मोठी झाली असेल. कोणत्या गावात, कोणत्या शाळेत असेल, मला ठाऊक नाही. तिची आई एका हाताने काम करते, यावरून ती तुम्हाला ओळखता येईल. कधी भेटली, तर तिला सांगा की कुलूप आपोआपच उघडले होते.